तांडेलाचे पाय

पौष लागला की कॅलेंडरच्या आधी माझ्या टाचांना कळतं. सकाळी पूर्वेकडून मतलई वारा सुटतो, अंगणातल्या माडाच्या झावळ्या कोरड्या वाजायला लागतात, आणि पलंगावर कूस बदलली की गोधडीचा दोरा टाचेच्या भेगेत अडकतो. मग मी शिव्या घालत उठते. कुणाला, ते विचारू नका. वाऱ्याला घालते, गोधडीला घालते, या वयातही अजून चालणाऱ्या पायांना घालते.

यंदा माझ्याही आधी घरातल्या कुत्र्याचे पाय फुटले. कुडाळात आमच्या दारासमोर सिमेंटचा रस्ता झाला आहे, आणि सून त्याला भर दुपारी त्यावरून फिरवून आणते. मी सांगितलं होतं, बाई गं, तू चपला घालतेस, तो अनवाणी आहे. पण सासूचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो लंगडायला लागला. मग डॉक्टर झाले, मलम झालं, मलम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं झालं, आणि वर पायांना मोजे. कुत्र्याला मोजे. मी पोटभर हसून घेतलं.

मग सून जमिनीवर मांडी घालून बसली. त्याचा पुढचा पाय तिने मांडीवर घेतला, बोटांमधली जागा फडक्याने पुसली, मलम लावलं आणि पाय तसाच हातात धरून बसली. मुरेपर्यंत चाटू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे. माझं हसू कुठच्या कुठे गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे सरकवत राहिले, कारण वयनी अगदी अशीच बसायची.

वयनी म्हणजे माझ्या दादाची बायको. आमचं घर मालवणच्या बाजूला, किनाऱ्याला लागून. बाबा मी पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळे घरात आये, दादा, वयनी आणि मी. थोडी भातशेती, थोडे माड आणि बाकी दादाची कमाई. दादा गलबतावर खलाशी होता. नारळी पौर्णिमा झाली की तो समुद्रावर जायचा. शिरोड्याचं मीठ भरून खाली मलबारपर्यंत न्यायचं आणि येताना मंगळुरी कौलं आणायची, अशा त्यांच्या फेऱ्या. पावसाळ्यात गलबत वर ओढून शाकारलेलं असायचं आणि दादा घरी. त्यामुळे लोकांना पाऊस लागला की शेती आठवते, तशी मला दादाची चप्पल आठवते, दारात काढलेली.

एका फेरीत कुठल्याशा बंदरात एक तांबूस पिल्लू गलबतावर चढलं आणि उतरेचना. थोडं मोठं झाल्यावर ते गलबताच्या पुढच्या टोकावर जाऊन उभं राहायचं आणि साऱ्या दर्यावर भुंकायचं. गलबताचा जो मुख्य असतो त्याला तांडेल म्हणतात. खलाशांनी थट्टेने कुत्र्यालाच तांडेल म्हणायला सुरुवात केली. खरा तांडेल चिडायचा, म्हणजे चिडल्यासारखं करायचा. दादा ही गोष्ट इतक्यांदा सांगायचा की आये म्हणायची, "पुरे झाला रे तुजा तांडेलपुराण."

एका पौषात गलबत मीठ भरून बंदरात लागलं होतं आणि दादा उभ्या उभ्या घरी आला होता. येताना कुत्र्याला खांद्यावर घेऊन आला. मला वाटलं मेलंच ते. पण त्याचे फक्त पाय फुटले होते. दिवसभर मिठाच्या राशीवर खेळायचं, मिठावरच झोपायचं, वर ऊन आणि कोरडा वारा. तळव्यांच्या गाद्यांना उभ्या भेगा पडल्या होत्या, आत लाल दिसत होतं, आणि भेगांत मिठाचे खडे बसले होते. दादाने त्याला ओटीवर ठेवलं आणि वयनीला हाक मारली. वयनी आतून हात पुसत आली. लग्नाला दोनच पावसाळे झालेले, आमच्यासमोर ती अजून त्याच्याशी धड बोलायची नाही.

"ह्या फेरयेक मी ह्येका नेवचंय नाय," दादा म्हणाला. "पाय बघ कशे झालेत ते. आदी गोड्या पाण्यान धू. बोटांच्या मदी मीठ आसता, ता काढ. पुसून कोरडे कर, आणि मगे मुठेल लाव. पण जिरापर्यंत धरून बस. चाटूक देव नको."

"आणि बरे झाले काय?" वयनीने विचारलं.

"बरे झाले काय पुढच्या फेरयेक येवन नेतंय तेका."

एवढंच. जाणारा माणूस शेवटचं म्हणून काही बोलत नाही. त्याला ते शेवटचं आहे हे ठाऊक नसतं. दादा कुत्र्याच्या पायांविषयी बोलला, आयेकडून भाकरी बांधून घेतली, माझी वेणी ओढली आणि गेला. तांडेल ओटीच्या खांबाला बांधलेला होता. तो वेशीपर्यंत ऐकू जाईल असा रडला.

मुठेल म्हणजे काय, हे आता आमच्या घरातही सांगावं लागतं. कोकमाच्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात शिजवायच्या. वर जे तेल येतं ते गार झालं की थिजतं, आणि मग त्याचे मुठीत दाबून गोळे करतात. मुठीच्या बोटांचे ठसे त्या गोळ्यावर राहतात. आयेच्या हातचा मुठेलाचा गोळा आणि वयनीच्या हातचा, मी डोळे मिटून ओळखला असता. आयेची मूठ लहान, आवळ. थंडीत सगळ्या घराच्या ओठांना, टाचांना तेच. गोळा निखाऱ्यापाशी धरायचा, मऊ झाला की भेगेत भरायचा. वास म्हणाल तर फारसा नाही, पण मला अजून येतो.

त्या वर्षी फाल्गुनापर्यंत तांडेलाचे पाय बरे झाले. वयनी रोज संध्याकाळी त्याला ओटीवर घेऊन बसायची, एकेक पाय मांडीवर. तो आधी गुरगुरायचा, मग जांभया द्यायचा, मग तिच्या मांडीवर हनुवटी टाकून झोपून जायचा. एक दिवस तिने पाय उलटा करून मला दाखवला. "बघ गो इंदू. एक भेग नाय." तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मीसुद्धा उडी मारली. पुढची फेरी यायचीच बाकी होती.

त्यांच्याबरोबर निघालेली बाकीची गलबतं आली. दादाचं आलं नाही. खाली कुठेतरी वादळात सापडलं, असं कुणी म्हणालं. कालिकतला दादासारखा माणूस बघितला, असं दुसरं कुणी म्हणालं. आयेने ग्रामदेवतेला कौल लावला, तर कौलही सरळ लागेना. मग पावसाळा आला, आणि दारात चप्पल नव्हती.

समुद्रावर गेलेल्या माणसाचं मागच्यांना फार अवघड असतं. घरात गेला तर माणूस रडून मोकळा होतो. इथे देह नाही, तर मरण तरी कसं म्हणायचं? म्हणून आमच्याकडे रीत अशी, की बारा वर्षं वाट बघायची. तोवर बायकोने कुंकू लावायचं, मंगळसूत्र घालायचं, वटपौर्णिमेला वडाला सूतही गुंडाळायचं. बारा वर्षं उलटली आणि माणूस आला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी देतात, आणि मग ती बाई विधवा.

पुढच्या पौषात तांडेलाचे पाय परत फुटले. फुटणारच. दिवस उजाडला की तो किनाऱ्यावर, खाऱ्या वाळूत, कालवं चिकटलेल्या खडकांवर. परत वयनीने गोडं पाणी घेतलं, फडकं घेतलं, मुठेल घेतलं. फाल्गुनात पाय बरे झाले. त्याच्या पुढच्या पौषात परत. असं किती वर्षं. आये एकदा म्हणाली, "थंडीत बांधून घाल गो तेका. वाळूत गेलो नाय तर पाय फुटतलेच कशाक?" वयनी "होय" म्हणाली आणि तिने बांधलं नाही.

त्या वेळी मला तो वेंधळेपणा वाटला होता. पुढे माझा संसार झाला, माणसं आली, गेली, तेव्हा कधीतरी उमगलं. फाल्गुनात पाय बरे झाले की वयनी कशी व्हायची, ते मी पाहिलं होतं. कामात लक्ष नाही. पाणी भरायला गेली की कळशी भरून वाहायची तरी तिचे डोळे समुद्राकडे. पाय बरे झाले आहेत, आता यायला काय हरकत आहे? चैत्र जायचा, वैशाख जायचा, कुणी यायचं नाही, आणि ती वाळत जायची. मग पौषात तांडेल लंगडत घरी यायचा, वयनी त्याचा पाय उलटा करून बघायची, आणि तिच्या चेहऱ्यावर, खरंच सांगते, सुटल्यासारखं दिसायचं. अजून बरे नाहीत. म्हणून आला नाही. अजून वेळ आहे. बिचारीने आशेला आणि कुत्र्याला एकाच दाव्याने बांधून ठेवलं होतं आणि दोघांपैकी कुणालाच आवळत नव्हती.

ज्या थंडीचं मला सांगायचं आहे, ती बाराव्या वर्षाची. तांडेल म्हातारा झाला होता. तोंडाजवळचे केस पांढरे, मागच्या पायांत जोर नाही, पण किनाऱ्यावर जायचं सोडत नव्हता. आणि आमचे काका, बाबांचे धाकटे भाऊ, एका दुपारी ओटीवर येऊन बसले. काका वाईट नव्हते. दादा गेल्यावर आमची शेती त्यांनीच केली. पण त्यांना जे बोलायचं होतं ते कुणीतरी बोलणं भागच होतं.

"वयनी, आता करूक होया," ते आयेला म्हणाले. त्यांची वयनी म्हणजे आमची आये. "बारा वर्सा झाली. तेच्या जीवाक गती नको? भटजींनी माघातलो दिस सांगल्यानी."

आये तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. "तांडेलाचे पाय फुटलेत," ती म्हणाली. "ते बरे होवंदेत. मगे बगूया."

काका तिच्याकडे बघत राहिले. आतल्या दारात वयनी उभी होती, तीही बघत राहिली. इतकी वर्षं मला वाटत होतं की पायांचं हे वेड एकट्या वयनीचं. आये त्यावर कधी चकार शब्द बोलली नव्हती. पण मनातल्या मनात तीही तेच धरून बसली होती. तिला मुलगा हवा होता, आणि मुलाने निरोप ठेवला होता तो एवढाच. काकांनी टोपी घातली आणि न हसता निघून गेले. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात.

त्या वर्षी घरातलं मुठेल संपलं होतं. आदल्या वैशाखात अवकाळी पावसाने कोकमं झाडाखालीच कुजली, बिया मिळाल्या त्या थोड्या. वयनी मुठेल मागून आणायला माहेरी गेली, डोंगरापलीकडे. जाताना मला सांगून गेली, पाय नुसते धुवून कोरडे कर, दुसरं काही लावू नको. पण मी त्या दुपारी शेजारी गेले होते, आणि आयेच्या डोळ्यांपुढे माघातला दिवस होता.

आमच्याकडे काजू भाजताना टरफलांतून काळं तेल निघतं. होडीच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून ते फासतात. आणि टाचांच्या फार मोठ्या भेगा मुठेलाने बुजत नसल्या, तर जुनी माणसं त्याचा हात फिरवतात. आग होते, कातडी काळी पडते, पण भेग मिटते. आये जन्मभर स्वतःच्या टाचांना ते लावत आली होती. दादाच्याही टाचांना तिनेच लावलेलं. तिला पाय लवकर बरे व्हायला हवे होते. तिने बाटली काढली, तांडेलाच्या चारी पायांना ते तेल भरलं आणि वर जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. माणूस आपली टाच चाटत नाही, कुत्रा चाटतो, हे त्या घाईत तिच्या ध्यानातच आलं नाही.

मी परत आले तेव्हा चिंध्या अंगणात फाडून टाकलेल्या होत्या. तांडेल तुळशीपाशी बसून तोंड मातीत घासत होता. ओठ सुजले होते, जिभेवर फोड आले होते, लाळ थांबत नव्हती. आये त्याच्यापाशी उकिडवी बसली होती, हातात पाण्याचा तांब्या. "पाणी पी रे बाबा," एवढंच म्हणत होती. तो पीत नव्हता. मी खोबरेल तेलाने त्याचे पाय पुसून काढले, माझी बोटं भाजल्यागत चुरचुरली. तेव्हा कळलं, त्याच्या जिभेचं काय झालं असेल.

वयनी दुसऱ्या दिवशी आली. पदराच्या गाठीत मुठेलाचे गोळे होते. तिने तांडेलाकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग आयेकडे. आये म्हणाली, "माका वाटला लवकर बरे होतीत." मला वाटलं आता घरात काय होईल ते होईल. वयनीने गाठ सोडून गोळे फडताळात ठेवले आणि चुलीवर पेज चढवली.

तिने त्याला नारळाचा रस पाजला, बोटाने, थेंब थेंब. पेजेचं पाणी गार करून गालाच्या आत सोडलं. तो थोडं गिळायचा, बरंचसं बाहेर यायचं. आये दारात बसून बघायची, आणि स्वतः जेवायची नाही. वयनी तिच्यापुढे ताट ठेवायची आणि म्हणायची, "आये, जेवा. तुमी जेवलास नाय म्हणून तो जेवतलो काय?" आवाज चढवायची नाही. मला वाटतं चढवला असता तर आयेला सोपं गेलं असतं.

तांडेल ओटीवरून उठला नाही तो नाहीच. किनारा पलीकडेच होता, भरतीचा आवाज आला की कान हलायचे, तेवढंच. आणि माघाच्या तोंडावर, सकाळी सडा घालायला मी बाहेर आले तर वयनी त्याच्यापाशी बसलेली. तो गेला होता. ऊन नुकतं ओटीवर येत होतं. आये आतून आली, खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मियाच मारलंय तेका. माज्या झिलाची वस्तू मियाच घालवलंय." तिचं ते रडणं बारा वर्षांचं होतं. दादासाठी ती अशी कधी रडली नव्हती, तिने रडू दिलंच नव्हतं स्वतःला.

वयनीने सवयीने तांडेलाचा पुढचा पाय मांडीवर घेतला. उलटा केला. मग दुसरा, मग मागचे. मी वाकून बघितलं. एक भेग नव्हती. गाद्या काळ्या, कोरड्या, सारख्या. इतके दिवस तो वाळूत गेला नव्हता, खाऱ्या पाण्यात भिजला नव्हता, नुसता पडून होता. पाय बरे व्हायला तेवढंच लागतं.

वयनी उठली, आयेपाशी गेली, आणि तिचा हात धरून तिला खाली बसवलं. तांडेलाचा पाय तिच्या हातात दिला.

"बघा, आये," ती म्हणाली. "पाय बरे झाले. तेनी सांगितल्यानी होता ना, बरे झाले काय नेतंय म्हणान. आता नेल्यानी तेका."

आये त्या पायावरून अंगठा फिरवत राहिली. मग वयनीने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "इंदू, काकांका जावन सांग. माघातलो दिस चलात."

मी गेले. वाटेभर रडत गेले. दादा मेला हे आमच्या तिघींपैकी कुणीतरी त्या सकाळी पहिल्यांदा बोललं होतं, आणि ते बोलली ती वयनी, जिचं सगळंच त्यात जाणार होतं. ते शब्द तिने आयेसाठी काढले. कुत्र्याच्या मरणाचा आळ आयेने मरेपर्यंत डोक्यावर वाहू नये म्हणून तिने स्वतःचं कुंकू पुसलं. मला हे तेव्हाच कळलं, आणि तिला मिठी मारावी एवढी अक्कल मात्र तेव्हा झाली नाही.

तांडेलाला आम्ही माडाखाली पुरलं. माघात पळसाचा पुतळा झाला, नारळाचं डोकं झालं, काकांनी अग्नी दिला. पुढच्या वर्षी माझं लग्न होऊन मी कुडाळला आले. आये आणि वयनी त्या घरात दोघीच राहिल्या.

थंडीत मी माहेरी जायची. संध्याकाळ झाली की वयनी गोडं पाणी घेऊन ओटीवर बसायची आणि आयेचा पाय मांडीवर ओढून घ्यायची. आये आधी कुरकुरायची, "सोड गो, माजे हात काय मोडले?" वयनी ऐकायची नाही. टाच धुवायची, पुसून कोरडी करायची, मुठेलाचा गोळा निखाऱ्यावर धरून भेगेत भरायची, आणि जिरेपर्यंत पाय तसाच हातात धरून बसायची. काळ्या तेलाची बाटली त्या घरात परत आली नाही. आये जांभया द्यायची, मग भिंतीला टेकून तिला डुलकी लागायची, तरी वयनी पाय सोडायची नाही.

आये पुष्कळ जगली. शेवटचं न्हाऊ घातलं तेव्हा मी तिचे पाय पाहिले. एक भेग नव्हती. मी वयनीकडे बघितलं. ती दाराशी उभी होती, आणि तिने फक्त होय म्हणून मान हलवली.